टॉप बसलेत

विसर्जनाच्या मिरवणुकीत भिजलेले दोन्ही टॉप सिद्धोधननं सकाळीच गाडीतून उतरवले आणि अंगणात उन्हाला ठेवले. ऊन तरी कसलं! ढगातून तोंड काढायचं आणि पुन्हा गुडूप व्हायचं. यंदाच्या पावसानं माणसाला नको नको करून सोडलं होतं. ताडकळसच्या बाजाराला लोक गुडघाभर चिखलातून जाऊन आले होते आणि सोयाबीनला उभ्या शेंगांतच कोंब फुटत होते. पण असल्या पावसातही पोरांना नाचायचं होतं. डीजेच्या गाडीवर खाली बेस असतो, छातीत धडका मारणारा. त्याच्या वर टॉप. झांज, घुंगरू, गाणाऱ्याचे शब्द, असा सगळा बारीक आवाज टॉपमधून निघतो. बेस ताडपत्रीखाली वाचला. टॉपवर मात्र पोरांनी ताडपत्री टाकू दिली नाही, आवाज दबतो म्हणाली. मग काय, पाऊस सरळ आत गेला.

टॉपच्या दोन्ही डब्यांवर रेडियमच्या लाल अक्षरात 'संघप्रिया साउंड' असं लिहिलेलं होतं. संघप्रिया ही सिद्धोधनची एकुलती एक लेक. पोरगी आणि डबे एकाच वर्षी घरात आले. त्याआधी सिद्धोधन दुसऱ्याच्या गाडीवर बेसला पाठ टेकून पहाट करायचा. स्वतःचा डीजे झाला तेव्हा नाव काय द्यायचं, असं कुणी विचारायलाही नको होतं.

"माय, टॉप बसलेत," तो म्हणाला.

"बसले तर उठव की," सरजाबाई ओट्यावरून म्हणाली. तिच्या पुढ्यात सुपातली तूर होती. "मिरवणुकीत पावसात नाचवले अन् आता उन्हात निजवायलास. बायकूची इतकी काळजी घेतली असतीस तर ती तुझे पाय धुऊन पाणी पेली असती."

गोठ्यात शेण भरणारी सुकेशनी तोंडाला पदर लावून हसली. सासू आपल्या बाजूनं बोलली की तिला दिवसभर पुरायचं.

त्या दिवशी टॉप खरोखरच बिघडले होते. एक चरचरत होता आणि दुसरा तर मुकाच झाला होता. दुसऱ्या दिवशी दोन्ही डबे गाडीत घातले आणि आपटू नयेत म्हणून धरायला सुकेशनी मागं बसली. परभणीत बन्सीधर मिस्त्रीच्या दुकानात डबे उघडले. आतला पातळ पडदा, ज्याला मिस्त्री लोक डायफ्राम म्हणतात, तो भिजून फुगला होता. बन्सीधरनं दोन्हीकडं नवे बसवले, वायरी पुसल्या आणि गाणं लावलं.

"ऐका आता. खणखणीत!"

सिद्धोधननं डब्याला कान लावला. मग दुसऱ्या डब्याला. मग लांब जाऊन उभा राहिला, पुन्हा जवळ आला.

"न्हाई. बसकाच हाय."

"कुठं बसका हाय भाऊ? अजून बारीक काढला तर समोरच्या मेडिकलच्या काचा फुटतील."

"मग तू जुनाच माल घातलास."

बन्सीधरचं तोंड पडलं. "तुमच्या म्होरं पाकीट फोडलं की वो. जी वस्तू दुरुस्त झाली ती आजून कशी दुरुस्त करू?" मग तो सुकेशनीकडं वळला. "वहिनी, तुमाला कसं वाटायलंय?"

सुकेशनीला सगळं ऐकू येत होतं. फरशीवर ताट पडावं तसं लख्ख ऐकू येत होतं. पण दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. डीजेवाल्याच्या बायकोनं चारचौघांत नवऱ्याला आवाजातलं शिकवायचं म्हणजे काय? "मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली आणि खाली बघत राहिली. बन्सीधरनं तिच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं आणि डबे बंद केले.

परतीच्या वाटेवर सिद्धोधन बन्सीधरला शिव्या देत होता. लबाड, चोर, तोंडावर गोड. सुकेशनीला वाटलं, असेलही बाबा. यांचं आयुष्य आवाजात गेलं, यांना जे ऐकू येतं ते आपल्याला कुठून यावं? तिनं हे अगदी मनापासून मानलं, हेच वाईट झालं.

पुढचे दिवस सोयाबीनमागं गेले. वावरात पाय ठेवला की पोटरीपर्यंत रुतायचा. ओल्या झाडाला विळा लागत नाही, नुसता सरकतो. मुठीत धरून, ओढून, मग कापायचं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. कापलेलं डोक्यावर बांधापर्यंत न्यायचं तर घाणेरडं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. सिद्धोधन कामाला वाघ. पण मध्येच थांबून तो म्हणायचा, "नवेच आणावं लागतील. दसऱ्यानंतर लग्नाच्या सुपाऱ्या येतील. असल्या बसक्या टॉपवर कोण सुपारी देतंय?" सुपारी म्हणजे वाजवण्याचं काम ठरणं. डीजेवाल्याला तेवढीच सुपारी कळते, खायची नाही.

एके दिवशी दिवस मावळताना काम आटोपलं. ढग जरा फाकले होते, ओढ्याच्या अंगाला लाल उजेड पडला होता. सिद्धोधन बांधावर टेकला. पायाचा चिखल काडीनं खरवडत म्हणाला, "कसं गप हाय गं सगळं. यंदा रातकिडे न्हाईत बग. पावसानं मेले असतील."

सुकेशनीच्या हातात विळा होता. तो तसाच राहिला.

चहूकडून रातकिडे किंचाळत होते. बांधातून, घाणेरीच्या जाळीतून, ओढ्याच्या गवतातून. इतके, की तिला वाटत होतं आपल्या डोक्यातच शिरतील. आणि हा माणूस त्या कल्लोळात बसून सुखानं पाय खरवडत होता.

"व्हय," ती कशीबशी म्हणाली. "मेले असतील."

तेवढ्यात मागून संघप्रिया आली. कळशीतलं उरलेलं पाणी झाडाला घालायला ती मागं राहिली होती. "पप्पा, थांबा! पप्पा!" तिचा आवाज बारीक होता, चिमणीचा. सिद्धोधन उठला आणि चालू लागला. पोरगी धावत, हाका मारत त्याच्या मागं. त्यानं वळून पाहिलं नाही. शेवटी तिनं शर्टाला धरलं तेव्हा दचकून म्हणाला, "आगं, हाक मारायची न्हाई का?"

त्या वाटेवर सुकेशनीला एकेक गोष्ट उलगडत गेली. फोन खिशात थरथरला तरच हा उचलतो. कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या की भात करपतो. मागून मोटारसायकलचा हॉर्न वाजला तरी रस्ता सोडत नाही आणि वर त्या माणसालाच झापतो. आपण त्याला गुर्मी समजत होतो. टॉप कधीच दुरुस्त झाले होते. तिला रस्त्यातच बसून मोठ्यानं रडावंसं वाटलं. पण डोक्यावर भारा होता.

सांगायचं तर होतंच. पण तिला पिंगळीकडचा महारुद्र आठवला. त्या भागातला गाजलेला डीजेवाला. त्याचे कान गेल्याचं गावाला कळलं आणि महिन्याभरात त्याचा तमाशा झाला. पोरं त्याच्या पाठीमागं उभी राहून आईवरून शिव्या द्यायची आणि तो बिचारा आपल्याशीच कुणीतरी बोलतंय असं समजून हसून मान डोलवायचा. सुपाऱ्या आटल्या, नाव गेलं. आता तो दुसऱ्याच्या आखाड्यावर, शेतातल्या गोठ्यावर, शेण काढतो. सुकेशनीनं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्या माणसाला तसं मान डोलवताना बघायचं? ती गप्प बसली.

घरी सिद्धोधननं मनाशी ठरवून टाकलं. "जुने द्यायचे, वर म्हैस घालायची अन् नवे आणायचे."

म्हैस सुकेशनीची होती. भुरी. माहेराहून रेडकू आणलं होतं, ते तिनं हातानं पाजून वाढवलं. पहिलारू, दिवाळीच्या आगंमागं जनणार होती. डेअरीच्या किटलीची जागासुद्धा सुकेशनीनं ठरवून ठेवली होती, दाराआडच्या कोनाड्यात.

"दुसऱ्या मिस्त्रीला दाखवा की एकदा," ती म्हणाली.

"दुरुस्तीत जान न्हाई राहिली. एकदा भिजलेली वस्तू ती भिजलेलीच."

"पन ती गाभण हाय वो."

"म्हनूनच चांगली जाईल." असं म्हणून त्यानं मान फिरवली. त्यालाही ते लागलं होतं. तो काही दगड नव्हता.

म्हैस विकत घेणारे भगवानराव तिला न्यायला आले, ते स्वतःचं दावं घेऊनच. जनावर विकताना आपलं दावं द्यायचं नाही, ही रीत. सरजाबाईनं भुरीला ज्वारीची भाकर चारली आणि तिच्या कपाळावरून हात फिरवला. सुकेशनीनं गळ्यातलं दावं सोडलं. भुरीला वाटलं पाण्यावर चाललो, म्हणून ती स्वतःच दाराकडं वळली.

आता बोललं नाही तर कधीच नाही, असं सुकेशनीला झालं. ती सिद्धोधनजवळ गेली.

"आवं, ऐका ना."

"काय?"

"ते टॉप..."

"काय झालं टॉपला?"

त्याचं तोंड तिच्यासमोर होतं. उन्हानं रापलेलं, लहान पोरासारखं आशेनं भरलेलं. नवे टॉप येणार, पुन्हा सगळं पहिल्यासारखं ऐकू येणार, असं त्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"चांगले बघून घ्या," ती म्हणाली.

नवे टॉप आले. काळे कुळकुळीत. सिद्धोधननं ते लावले, ऐकले, पुन्हा कान लावून ऐकले. मग म्हणाला, "सुरुवातीला जरा दाबूनच वाजतात. चालून चालून मोकळे व्हतात." सरजाबाईनं सुनेकडं पाहिलं. म्हातारीचे केस उन्हात पांढरे झाले नव्हते. पण तीही काही बोलली नाही. नवे डबे, त्यात गेलेली म्हैस. कोण बोलणार?

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. आषाढापासून तीन महिने बुद्धविहारात रोज ग्रंथवाचन चालतं आणि या दिवशी समाप्ती, खीरदान. वाचन करणाऱ्या धम्मशीलाताई शाळेत मास्तरीण होत्या. त्यांनी ठरवलं की या वेळी वंदना माईकवर लेकरानं म्हणायची, आणि संघप्रियाला निवडलं. सिद्धोधनची छाती फुगली. "माजे नवे टॉप पयल्यांदा विहारात वाजतील. फुकट लावतो. माजी पोरगी म्हननार हाय."

मग घरात रोज सराव सुरू झाला. पोरगी भिंतीला पाठ लावून, हात जोडून म्हणायची. सिद्धोधन समोर उकिडवा बसायचा.

"मोठ्यानं म्हन."

ती मोठ्यानं म्हणायची.

"आगं, तोंडातल्या तोंडात काय म्हनायलीस? मोठ्यानं!"

ती गळ्याच्या शिरा ताणून म्हणायची. शेजारच्या घरातून कुणीतरी "वा गं पोरी!" असं ओरडायचं. सिद्धोधन मान हलवायचा. "न्हाई. आवाज निघंना."

संघप्रियानं आजीकडून ज्येष्ठमध मागून घेतला. दिवसभर गालात धरून बसायची. गरम पाणी प्यायची. एकदा सुकेशनीला तिनं विचारलं, "आई, माजा आवाज बसलाय का?" सुकेशनीनं तिला पोटाशी धरलं आणि "न्हाई गं बाई" म्हणाली. तेव्हा तरी बोलावं की नाही? पोरीवर येऊन ठेपलं होतं. पण समाप्ती तोंडावर आली होती, तेवढं पार पडू दे, मग सांगू, असं तिनं मनाला समजावलं. माणूस स्वतःला फार छान समजावतो.

पौर्णिमेला पाऊस नव्हता. विहारात पांढऱ्या साड्यांची गर्दी झाली होती. मागं कढईत खीर शिजत होती, वेलदोड्याचा वास सुटला होता. बुद्धमूर्तीच्या दोन्ही बाजूंना नवे टॉप. सिद्धोधन पांढरा शर्ट घालून कोपऱ्यातल्या मिक्सरजवळ उभा होता, ज्याच्या बटणांवरून सगळा आवाज वर-खाली करतात. संघप्रिया पांढऱ्या फ्रॉकमध्ये माईकपुढं आली. धम्मशीलाताईंनी माईक तिच्या उंचीला वाकवला.

तिनं सुरुवात केली. आवाज विहारभर स्वच्छ पसरला. बायकांनी माना डोलावल्या. सरजाबाईचे डोळे भरून आले.

सिद्धोधन कोपऱ्यातून हातानं खुणा करत होता, मोठ्यानं, मोठ्यानं. पोरीनं त्याच्याकडं पाहिलं आणि ती घाबरली. माईकच्या आणखी जवळ गेली. सिद्धोधननं बारीक आवाजाचं बटण फिरवलं. आणखी फिरवलं. मग आणखी.

आणि माईकनं शिट्टी मारली. एखादी सुई कानातून आत घालून फिरवावी तशी, न थांबणारी. लेकरं रडायला लागली. सगळ्यांचे हात एकदम वर गेले.

सिद्धोधननं ते वर गेलेले हात पाहिले. त्याला वाटलं, वंदनेला लोक हात जोडायलेत. त्यानं बटणावरून बोटं काढली आणि स्वतःही हात जोडले. डोळे मिटले.

त्या शिट्टीत, मिटल्या डोळ्यांनी, हात जोडून, शांत चेहऱ्यानं तो उभा राहिला. सगळ्या विहारानं कानांवर हात ठेवून त्याला तसं पाहिलं. सुकेशनीला वाटलं, जमीन फाटावी. गर्दीतून जायला वाट नव्हती. शेवटी सरजाबाईच उठली, माणसांवर पाय देत पुढं गेली आणि तिनं वायर हिसकून काढली.

सिद्धोधननं डोळे उघडले. मायच्या हातात वायर होती. समोर लोकांचे हात हळूहळू कानांवरून खाली येत होते. जोडलेले नव्हते ते. तो एकेका तोंडाकडं बघत गेला. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं, तो चार शिव्या तरी देऊ शकला असता. कुणी हसलं नाही. धम्मशीलाताईंनी मान खाली घातली. त्यानं आपले जोडलेले हात पाहिले आणि ते कुठं ठेवावेत हे न कळून खिशात घातले.

संघप्रिया आईच्या पदरात तोंड खुपसून रडत होती. तिला वाटत होतं, आपल्यामुळंच झालं.

घरी आल्यावर खिरीच्या वाट्या तशाच पडल्या. सिद्धोधन गोठ्याच्या दारात जाऊन बसला, जिथं भुरीचा खुंटा होता. सुकेशनी त्याच्या पुढ्यात जाऊन बसली. तोंडासमोर, म्हणजे त्याला कळावं.

"तुला ठाव हुतं?"

"व्हय."

"कवापासून?"

"रातकिडे न्हाईत म्हनलात, तवापासून."

त्यानं ओढ्याकडं पाहिलं. दिवस मावळत होता.

"हायेत?"

"हायेत."

"आता बी?"

"आता बी वरडायलेत. लय."

त्यानं मान वाकडी करून ऐकायचा प्रयत्न केला. खूप मनापासून केला. ते बघवेना म्हणून सुकेशनीनं तोंडाला पदर लावला.

"अन् म्हैस जाऊ दिलीस," तो म्हणाला.

"तुमाला बहिरा म्हनन्यापरीस म्हैस गेलेली बरी वाटली मला. महारुद्राचं बगितलं हुतं ना मी. चुकले. पोरीला रोज वरडायला लावलात अन् मी बगत बसले. लय चुकले."

तो रागावला नाही. रागावेल म्हणून ती अंग चोरून बसली होती, पण त्यानं फक्त खुंट्याला हात लावला.

"परभणीला कानाच्या डॉक्टराला दाखवू," ती म्हणाली. "मशीन मिळतं कानाचं."

"ते लावून गाडीवर उभा राहू? लोक म्हनतील, डीजेवाल्याच्याच कानात डबा." असं म्हणून तो हसला, आणि हसता हसता त्याचं तोंड वाकडं होऊन तो रडायला लागला. भुकेल्या लेकरासारखा रडला. आपला आवाज किती मोठा निघतोय हेही त्याला कळत नव्हतं. सगळ्या आळीला ऐकू गेलं.

रडून झाल्यावर त्यानं तोंड धुतलं आणि संघप्रियाला हाक मारली. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. त्यानं तिला आत ओढली, भिंतीपाशी उभी केली आणि स्वतः उकिडवा बसला.

"विहारात तुजं राहून गेलं. आता म्हन. मी ऐकतो. मोठ्यानं नको, तुला जसं येतं तसं म्हन."

पोरीनं हात जोडले. सुकेशनी बाहेर चुलीपुढं बसली होती. तिला आतलं दिसत होतं, पाठमोरा नवरा आणि त्याच्या खांद्यावरून लेकीचं तोंड. पोरीचे ओठ हलत होते. सुकेशनीला वाटलं, चुलीतल्या लाकडाच्या तडतडीत आपल्याला ऐकू येत नसेल. सिद्धोधन हात जोडून, एकटक तिच्या तोंडाकडं बघत होता. शेवटपर्यंत बघत होता. ओठ थांबले तेव्हा त्यानं तिला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"लय गोड म्हनलीस गं बाई. लय गोड. समदं ऐकू आलं मला."

संघप्रिया बाहेर आली आणि आईजवळ चुलीपुढं बसली. एक काटकी विस्तवात सारली. मग तिनं नेहमीच्या आवाजात, चोरून वगैरे नाही, सांगितलं. बाप आत चार पावलांवर वायरींची गुंडाळी करत होता.

"आई, मी म्हनलंच न्हाई. नुसते व्हट हलवले."

सुकेशनीनं तव्यावरची भाकर उलटली. ती करपली होती.